घाम पाहू नका, वस्ताद पाहा

हिवाळा जवळ आला की आमच्या बडोद्यात दोन प्रकारचे फलक एकदम दिसू लागतात. एक मॅरेथॉनच्या नावनोंदणीचे आणि दुसरे फिटनेस स्टुडिओंच्या 'ऑफर'चे. पहिला फलक वाचून पोरं-पोरी पहाटे कमाटीबागेत धावायला लागतात. दहा किलोमीटर जमू लागले की दुसरा फलक आठवतो आणि संध्याकाळचा एखादा क्लास लावला जातो. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. प्रश्न एवढाच की, कोणता क्लास लावायचा हे ठरतं कसं? मैत्रीण जाते म्हणून, घराजवळ आहे म्हणून, गाणी छान लावतात म्हणून, नाहीतर 'एका तासात पाचशे कॅलरी' असं काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणून. माझं म्हणणं असं की, यातली पहिली तीन कारणं एकवेळ चालतील. चौथं मात्र धावणाऱ्या माणसाने, आणि त्यातही धावणाऱ्या मुलीने, ऐकूच नये.

का, ते सांगते. आधी धावणं म्हणजे नेमकं काय ते बघू.

धावताना माणूस मिनिटाला साधारण 160 ते 180 पावलं टाकतो. तासाभरात दहा किलोमीटर धावलात तर दहा हजारांच्या आसपास पावलं झाली, म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला पाच हजार. चालताना क्षणभर तरी दोन्ही पाय जमिनीवर असतात. धावताना तसे ते कधीच नसतात. प्रत्येक वेळी तुम्ही हवेतून एका पायावर उतरता आणि त्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो. पन्नास किलोच्या मुलीच्या एका पायावर शंभर-दीडशे किलोचा भार, तोही पाच हजार वेळा! हा भार झेलायचं काम पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ल्यांचे स्नायू करतात. ते थकले की भार गुडघा, नडगी आणि टाचेकडे सरकतो. म्हणून 'गुडघा दुखतोय' म्हणणाऱ्या कितीतरी धावपटूंचा गुडघा बिचारा निर्दोष असतो. दोष असतो त्याच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे कमरेच्या बाजूच्या स्नायूंत. एका पायावर उभं असताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये, हे बघणं त्यांचं काम.

आता दुसरी गोष्ट. धावणं हे सरळ रेषेतलं काम आहे. आपण पुढे जातो. बाजूला जात नाही, वळत नाही, खाली बसत नाही, हातांनी काही उचलत नाही. हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, दम वाढतो, मन हलकं होतं, हे सगळं खरं. पण ताकद फारशी वाढत नाही आणि सांध्यांच्या हालचाली एकाच चाकोरीत राहतात. म्हणजे धावणाऱ्याकडे दम भरपूर असतो आणि बळ कमी. मग क्लास लावायचा तो बळाचा की पुन्हा दमाचाच? घरात तांदळाचं पोतं भरलेलं असताना बाजारातून डाळ आणायची की आणखी तांदूळ?

या कसोटीवर एकेक क्लास घासून बघू या.

आज सगळ्यांत जोरात विकला जाणारा क्लास म्हणजे 'हिट'. वीस-तीस सेकंद जीव तोडून व्यायाम, मग थोडा दम खायचा, पुन्हा तेच. बसून काम करणाऱ्या, वेळ नसलेल्या माणसाला तो उपयोगी आहे. पण जो आठवड्यातून एकदा मैदानावर वेगाचे फेरे मारतो, तो हेच काम आधीच करतोय. वर त्यात उड्या असतात, म्हणजे पायांवर पुन्हा तोच मार. स्पिनिंग, म्हणजे जागेवरची सायकल, यातही दमाचंच काम आहे, पण पायांवर आदळआपट नाही. त्यामुळे एखादी हलकी धाव गाळून तिच्याजागी सायकल चालवली तर पायांना विश्रांती मिळते आणि दमही टिकतो. मात्र ती धावेच्या जागी घ्यायची. धावेच्या वर चढवली तर उपयोगापेक्षा थकवाच जास्त. झुंबात बाजूला जाणं आणि वळणं येतं, मजाही येते. आठवड्यात एकदा, हलक्या दिवशी, जरूर करा.

योगाच्या क्लासबद्दल जरा सावधपणे बोलायला हवं, कारण 'योगा' या एका शब्दाखाली आता दहा वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. शवासन, प्राणायाम आणि सावकाश आसनं असलेला वर्ग लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी उत्तम. एका पायावरची आसनं, वृक्षासन किंवा वीरभद्रासनाचे प्रकार, धावणाऱ्याच्या घोट्याला आणि कमरेला थेट उपयोगी. पण धावायच्या लगेच आधी स्नायू ताणून मिनिटभर तसेच धरून ठेवले तर त्यांचा जोर थोडा वेळ कमी पडतो, म्हणून ताणण्याचं काम नंतरचं. पिलाटेसमध्ये पोट, पाठ आणि कंबर यांचं नेमकं काम होतं. तो क्लास महाग असतो, पण शिकवणारा चांगला असेल तर धावणाऱ्याच्या फायद्याचा.

आणि राहिला तो क्लास, जो धावणारे सगळ्यांत शेवटी लावतात आणि ज्याची त्यांना सगळ्यांत जास्त गरज असते. वजनाचा. बारबेल, डंबेल, केटलबेल, जे असेल ते. बैठका, एका पायावरच्या बैठका, वजन जमिनीवरून उचलणं, पायरीवर चढणं, टाचा उचलणं. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. 'वजन उचललं की शरीर जड होतं आणि वेग कमी होतो' ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात नियमित धावणाऱ्याचं शरीर असं सहजासहजी फुगत नाही. उलट, ताकद वाढली की त्याच वेगाने धावायला शक्ती कमी लागते, असं धावपटूंवरच्या अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनाही हेच सांगतात. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम करावा. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. 'शिवाय'च्या पुढचं कोणी वाचत नाही.

आता इथे बडोदेकर म्हणून मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'ग्रुप क्लास' ही कल्पना अलकापुरीतल्या काचेच्या इमारतींतून आली असं वाटत असेल, तर जुन्या शहरात एक चक्कर मारून या. जुम्मादादा या मुसलमान उस्तादाचा आखाडा त्यांचे मराठी शिष्य गजानन यशवंत तांबे यांनी पुढे चालवला आणि नावारूपाला आणला. हेच राजरत्न प्रोफेसर माणिकराव. मल्लखांब, कुस्ती, लाठी यांच्याबरोबर त्यांनी संघव्यायाम बसवला. शेकडो मुलं एका तालात, आणि हुकूम इंग्रजीतले नाहीत, आपल्या भाषेतले. हाडं बसवण्यासाठीही त्यांची ख्याती होती. म्हणजे एकाच माणसाकडे व्यायाम शिकायचा आणि काही निखळलं तर त्याच्याकडूनच बसवून घ्यायचं. आजच्या भाषेत कोच आणि फिजिओ एकाच छपराखाली!

याच आखाड्यात 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा, जवळच्याच डभोईत जन्मलेला तरुण शिकला. पुढे तो स्वामी कुवलयानंद झाला आणि 1924 मध्ये त्याने लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. कुवलयानंदांची मला आवडणारी गोष्ट ही की, योगाने अमुक होतं, तमुक होतं, हे त्यांनी नुसतं मानून घेतलं नाही. उड्डियान आणि नौली या क्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांनी 1920 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत इथल्याच सरकारी दवाखान्यात तपासून पाहिलं. काचेवरच्या 'पाचशे कॅलरी'कडे बघताना आपल्यात याच्या शतांश तरी चौकसपणा यायला हरकत नाही.

आणि वाङ्मय मंडळाच्या वाचकांसाठी आणखी एक. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' हा बडोद्याचाच. दहा खंड, 1936 ते 1949 या काळात निघालेले, आणि सगळे मराठीत. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल, लेझीम, कुस्तीचे डाव, सगळं चित्रांसकट. आपण ज्याला आज 'कोअर', 'मोबिलिटी', 'ग्रिप' म्हणतो, त्यासाठी मराठीत शब्दही होते आणि पद्धतीही होत्या. मुद्गल फिरवणाऱ्याला खांद्याच्या मोबिलिटीचा वेगळा क्लास लावावा लागत नसे.

पण थांबा. 'चला पुन्हा तालमीकडे' असं म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. तालमीचं कौतुक करताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली म्हणजे शेकड्यांनी मारलेले जोर आणि बैठका यांनी पुन्हा चिवटपणाच वाढतो. पैलवानाला तो हवाच, पण धावणाऱ्याकडे तो आधीच असतो. त्याला कमी आवर्तनांचं, जास्त वजनाचं काम हवं आणि त्यासाठी लोखंडच बरं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक तालमींच्या लाल मातीत बायकांचं पाऊल पडत नव्हतं. माझ्या आजीच्या पिढीतल्या मराठी बायका तालमीवरून रोज जात-येत, पण आत काय चालतं ते त्यांना माहीत होतं ते घरातल्या पुरुषांच्या तोंडून. आज एखादी पन्नाशीची काकू पंजाबी ड्रेसवर बूट घालून स्टुडिओत जाते आणि वजन उचलते, ही तालमीला न जमलेली गोष्ट स्टुडिओने केली आहे. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग तालमीकडून घ्यायचं काय? वस्ताद. हा शब्द 'उस्ताद'वरून मराठीत आला आणि इथलाच झाला. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहायचा आणि कोण काल आजारी होता, कोणाचा खांदा दुखावलाय, कोण आज उगाच जोर दाखवतोय, हे त्याला दिसायचं. व्यायाम सगळ्यांना सारखाच असला तरी नजर प्रत्येकावर वेगळी. आजच्या बऱ्याच क्लासांत यंत्रं परदेशी असतात, दिवे रंगीत असतात, आणि शिकवणारा आरशाकडे तोंड करून स्वतःच व्यायाम करत असतो. मागच्या वीस जणांपैकी एकीने सकाळी पंधरा किलोमीटर धाव घेतलीय, हे त्याला ठाऊक नसतं. तो विचारत नाही आणि ती सांगत नाही.

इथे खरा धोका सुरू होतो, आणि तो मुलींच्या बाबतीत जास्त आहे.

मुलगी स्टुडिओच्या काउंटरवर गेली की पहिला प्रश्न काय येतो? मी माझ्या एका मैत्रिणीबरोबर अशाच एका ठिकाणी चौकशीला गेले होते. ती आठवड्यातून चार दिवस धावते, अंगाने काटकुळी. काउंटरवरच्या ताईंनी हसून विचारलं, "किती किलो कमी करायचंय?" मैत्रीण म्हणाली, "कमी नाही, मला पायात ताकद हवीये." ताई म्हणाल्या, "हां, पण फॅट लॉसचंच पॅकेज सध्या ऑफरमध्ये आहे." आम्ही दोघी हसत बाहेर पडलो, पण विषय हसण्याचा नाही. धावणारी मुलगी आधीच भरपूर शक्ती खर्च करत असते. त्यावर घाम काढणारा आणखी एक क्लास, वर 'मैदा बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद', असं झालं की शरीर हिशेब जुळवायला लागतं. जिथे काटकसर करता येईल तिथे करतं. पाळी अनियमित होते किंवा थांबते. ती थांबली म्हणजे 'बरी सुटका' असं काही मुलींना वाटतं, आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकांनाही. पण त्याबरोबर हाडांची झीज भरून येणंही मंदावतं आणि एके दिवशी नडगीला किंवा पायाच्या पंजाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि मुलग्यांमध्येही ती आढळते हे स्पष्ट केलं. हा आळसाचा आजार नाही. उलट मेहनती, शिस्तीच्या, 'काहीतरी करून दाखवायचंय' अशा पोरींना तो गाठतो. म्हणून मी म्हणते, धावणाऱ्या मुलीने क्लासला जावं ते काहीतरी कमवायला, जाळायला नव्हे. आणि दोन-तीन महिने पाळी आली नाही तर क्लास बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

आता गरब्याबद्दल. तो विषय टाळला तर बडोद्यात मला कोणी उभं करणार नाही. पावसाळ्यापासूनच इथे गरब्याचे क्लास भरू लागतात. धावण्याला पूरक व्यायाम म्हणून गरबा खरोखर छान आहे. बाजूला सरकणं, गिरक्या, झुकणं, हातांची लय, म्हणजे धावण्यात जे जे नाही ते सगळं त्यात आहे. पण नवरात्रीत आपण काय करतो? नऊ रात्री, अनवाणी, तीन-तीन तास, आणि सकाळी पुन्हा 'प्लॅनमध्ये लिहिलंय' म्हणून धावायला. पोटऱ्यांना आणि टाचेला हे झेपत नाही. माझं साधं मत आहे, नवरात्रीत गरबा हाच व्यायाम समजा. दोन-तीन हलक्या धावा पुरे. मॅरेथॉन पळून जात नाही.

खरं तर क्लासचा विचार आपण वर्षाच्या पॅकेजने करतो तिथेच चुकतं. बडोद्याचं वर्ष ऋतूंनी चालतं, पॅकेजने नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाहेरची धाव आपोआप कमी होते. तेव्हा आत, पंख्याखाली, वजनाचा पाया घाला. पावसाळ्यात रस्ते भरतात आणि विश्वामित्रीच्या काठी मगरींचा मान राखावा लागतो, तेव्हा स्पिनिंग कामाला येतं. नवरात्रीनंतर धाव वाढत जाते, तेव्हा वजनाचे दोन दिवस टिकवायचे पण आवर्तनं कमी करायची. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात नवीन काहीही करायचं नाही. असा विचार केला तर तीन-तीन महिन्यांची फी भरणं बरं पडतं, आणि आई-बाबांचे पैसेही वाचतात. कॉलेजच्या पोरांसाठी ही लहान बाब नाही.

आठवड्याचं गणितही सोपं आहे. पायांचा जड व्यायाम केला की खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. म्हणून रविवारी लांब धाव असेल तर शुक्रवारी-शनिवारी बैठकांचा क्लास नको. सोमवारी आराम किंवा शांत योग. मंगळवारी सकाळी वेगाची धाव आणि संध्याकाळी वजन. बुधवारी हलकी धाव. गुरुवारी पुन्हा वजन. शुक्रवारी सायकल किंवा झुंबा, मन असेल तर. शनिवारी काही नाही. अनेकांना मंगळवारी दोन्ही कामं एकत्र बघून भीती वाटते. पण त्यामागचा विचार असा की, कष्टाचा दिवस पुरता कष्टाचा असावा आणि हलका दिवस खरोखर हलका. रोजच अर्धवट दमत राहिलं तर शरीराला सावरायला दिवसच मिळत नाही. ताकद क्लासमध्ये वाढत नाही; ती क्लासनंतरच्या झोपेत आणि जेवणात वाढते.

आणि फी भरण्याआधी? एक दिवस चाचणीचा क्लास करा, आणि शिकवणाऱ्याला सांगा, "मी धावते, आठवड्यातून इतके दिवस, इतके किलोमीटर." मग फक्त बघा. त्याने विचारलं की लांब धाव कोणत्या दिवशी असते, पूर्वी काही दुखापत झाली होती का, आणि एका पायावर उभं राहून दाखवायला सांगितलं, तर यंत्रं जुनी असली, एसी बंद असला, गाणी नव्वदच्या दशकातली असली, तरी तिथेच नाव घाला. त्याने नुसतंच "काही नाही, मस्त घाम काढू" म्हटलं, तर नमस्कार करून निघा. घाम तर बडोद्याच्या मे महिन्यात रिक्षात बसूनही निघतो.